जिप्सीला ३१ चे टायर आणि मागे लॉकर: मागचे एक्सल शाफ्ट कुठले टाकावेत?

घाटवाटा_४बाय४

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग एमपीएफआय, वाइड ट्रॅक. ३१ बाय १०.५ चे मड टायर, रिम बाहेर काढलेल्या ऑफसेटचे, मागे फुल लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवतो तो), पुढे ओपन डिफरन्शियल. वापर म्हणजे पावसाळ्यात मुळशी-लोणावळ्याकडचे ट्रेल आणि मधेच कधी कोकणात उतरणं, रोज ऑफिसला नेत नाही.

मागच्या डाव्या ड्रममध्ये तेल दिसलं म्हणून ऑइल सील बदलायला शाफ्ट ओढला, तर डिफकडच्या टोकाला स्प्लाइनना (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या दात्यांना) चक्क पीळ पडलाय, शेवटचा इंच-दीड इंच तिरका दिसतो. तुटलेला नाही, गाडी चालवताना काही जाणवतही नव्हतं. उजवा शाफ्ट डोळ्यांना तरी सरळ वाटतोय.

आता पर्याय असे की एक तर परत कंपनीचा शाफ्ट टाकायचा, नाहीतर बाहेरून सामुराईसाठी (जिप्सीचं परदेशातलं सुझुकी भावंड) येतात तसले क्रोमोलीचे (क्रोम-मॉली स्टील) मागवायचे (कस्टम धरून भाव ऐकला तर घरी सांगता येत नाही), नाहीतर भोसरीत एक जण ईएन २४ स्टीलमध्ये जोडी बनवून देतो म्हणतोय, किंमत बाहेरच्या निम्मी पण नाही. मेकॅनिकचं म्हणणं ईएन २४ म्हणजे डोळे झाकून घ्या. कुणी वापरलेत का? काय बघून घ्यावेत?

रिव्हरबेड_राजा

भाऊ, पीळ पडलेला शाफ्ट परत आत घालू नकोस हे पहिलं. स्टील एकदा यील्ड झालं (कायमचं वाकलं) की झालं, आता तो कधी तुटेल एवढाच प्रश्न, आणि मधल्या काळात लॉकरच्या साइड गिअरचे स्प्लाइन पण खाईल.

हे होतं का ते बघ. इंजिन १०३ न्यूटनमीटरचं, ऐकायला काहीच नाही. पण पहिला गिअर, लो रेंज आणि डिफ यांचे रेशो गुणत गेलास तर मागच्या एक्सलपर्यंत तीन हजार न्यूटनमीटरच्या वर जातं. ओपन डिफ ते दोन्हीकडे सारखं वाटतं आणि एक चाक हवेत असेल तर दुसऱ्यालाही काही मिळत नाही, म्हणजे गाडी अडकते पण शाफ्ट वाचतो. लॉकर लागला की एक चाक हवेत आणि दुसरं कातळावर, सगळा जोर एकाच शाफ्टवर. वर टायर. कंपनीचा २०५/७० आर १५ साधारण २६.३ इंचाचा, तुझा ३१, म्हणजे तेवढ्याच ग्रिपला शाफ्टवर जवळपास १८ टक्के जास्त टॉर्क येणार.

आणि खरा घात शॉकने होतो. लाल चिखलात चाक फिरतंय फिरतंय आणि एकदम खालचा जांभा लागला की फिरणारं चाक जागच्या जागी थांबतं. तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा असतो आणि आपण नेमका तिथेच दाबतो.

बाकी शाफ्टची ताकद व्यासाच्या घनात वाढते, २६ एमएमचा २८ केला तरी २५ टक्के वाढली. त्यामुळे जमलं तर जाड शाफ्ट टाक, मटेरियल नंतर.

घाटवाटा_४बाय४

जाड कसा टाकू, लॉकर २६ स्प्लाइनचा आहे ना. शाफ्ट जाड केला तर लॉकर पण बदलावा लागेल, तो आत्ताच बसवलाय.

रिव्हरबेड_राजा

हो मग विषय संपला, मधला दांडा कितीही जाड केलास तरी स्प्लाइनच्या मुळाशी जेवढा व्यास आहे तेवढीच ताकद. उलट चांगल्या शाफ्टचा दांडा स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीकच ठेवतात, म्हणजे पीळ पूर्ण लांबीवर वाटला जातो, एका जागी साचत नाही. तुझ्या हातात आता फक्त मटेरियल आणि हीट ट्रीटमेंट.

टेम्पर_फर्नेस

मी हीट ट्रीटमेंटच्या लाइनमध्येच आहे म्हणून जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

मेकॅनिकचं अर्धं बरोबर आहे. ईएन २४ चांगलंच मटेरियल, निकेल-क्रोम-मॉली, अमेरिकन ४३४० च्या जवळचं, बाहेरचे क्रोमोली शाफ्ट बहुतेक त्यातलेच असतात. पण ईएन २४ हे नुसतं नाव झालं. बाजारात बार मिळतो तो ईएन २४ टी, म्हणजे आधीच हार्डन-टेम्पर (भट्टीत तापवून कडक) करून आलेला, साधारण २५ ते ३० रॉकवेल सी (कडकपणाचं माप). लेथवाल्याला तो आवडतो कारण टूल पण जात नाही आणि टर्निंग-हॉबिंग करून सरळ गिऱ्हाइकाच्या हातात देता येतो. ८५० ते १००० मेगापास्कल ताकदीचा माल.

आता कंपनीचे शाफ्ट बघा. बहुतेक गाड्यांना मध्यम कार्बनचं साधं स्टील असतं पण वरून इंडक्शन हार्डन (फक्त वरचा थर तापवून कडक केलेला), कातडी पन्नास रॉकवेलच्या आसपास. पिळात सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कातडीवरच येतो, मधल्या गाभ्याला फारसं काम नसतं. म्हणजे नुसता ईएन २४ टी टर्न करून दिलेला 'अपग्रेड' कंपनीच्या शाफ्टपेक्षा लवकर पीळ खाऊ शकतो, पैसे देऊन मागे जायचं काम. असले शाफ्ट आमच्याकडे बघायला आलेत, बिलावर ईएन २४ आणि खरंच ईएन २४, फसवणूक काहीच नाही, फक्त भट्टी बघितलेली नाही.

त्याला हे विचारा: मशीनिंगनंतर हार्डनिंग-टेम्परिंग करणार का, आणि किती रॉकवेलला? चाळीस ते पंचेचाळीसच्या मध्ये म्हणाला तर माणूस कळता आहे. हार्डनिंगमध्ये शाफ्ट थोडा वाकतोच, म्हणून बेअरिंग आणि सीलच्या जागी ग्राइंडिंगला माल ठेवावा लागतो, नंतर सेंटरवर धरून रनआउट (फिरताना किती डुलतो ते) बघून सरळ करायचा. यातलं काही तो स्वतःहून बोलला नाही तर त्याला नमस्कार करा आणि निघा. मटेरियलचं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) मागाच, पण हार्डनेस तुमच्यासमोर तयार शाफ्टवर तपासून घ्या, टीसी बारचं असतं, शाफ्टचं नाही.

आता मोठी गोम, फ्लँज, म्हणजे चाक बसतं ती शाफ्टच्या टोकाची चकती. कंपनीत दांड्याचं टोक गरम करून ठोकून फ्लँज काढतात, अपसेट फोर्जिंग. एका जोडीसाठी कोण डाय लावणार? मग दोनच रस्ते उरतात. एक तर फ्लँजच्या मापाचा जाड बार घेऊन अख्खा सोलायचा. १५० एमएम बारचा पाऊण मीटर तुकडा शंभर किलोच्या पुढे जातो, त्यातून थोडक्या किलोंचा शाफ्ट, बाकी सगळा बुरादा. बाहेरच्या निम्म्या भावात हे कुणी करत नाही. दुसरा रस्ता म्हणजे दांडा वेगळा, चकती वेगळी आणि वेल्डिंग. ईएन २४ ला वेल्ड केलं की शेजारची जागा ठिसूळ होते, आणि जिप्सीचा एक्सल सेमी-फ्लोटिंग, गाडीचं वजन त्याच शाफ्टच्या मानेवर. तिथे सुटला तर शाफ्ट नाही, चाक जातं.

रंकाळा_रॉकक्रॉलर

वरच्या दादांनी फ्लँजचं लिवलंय ते दहा वेळा वाचा. आमच्याकडं शिरोलीत फोर्जिंगवाले आहेत पण ते पण एका जोडीला हात लावत न्हाईत, पाच-सहा गाड्या मिळून ऑर्डर काढली तर बोलतात.

माझं मत जरा वेगळं हाय. सगळंच दणकट करत गेलात तर मोडणार काय ते ठरवा की आधी. काहीतरी मोडणारच. मागं लोखंडासारखा शाफ्ट टाकला की उद्या क्राउन-पिनियनचे (डिफमधल्या मुख्य गिअरचे) दात जातील, आन ते शाफ्टपेक्षा महाग. मला इचाराल तर मागचा शाफ्ट मोडलेला परवडतो, ड्रमची बॅकप्लेट धरलेले चार नट काढले की बाहेर, आतला तुकडा काढायला चुंबक न्हाईतर वायर, जास्तच अडकला तर डिफ उतरवायचा. पुढचे बर्फिल्ड (पुढच्या चाकांपाशी वळणारे जॉइंट) गेले तर अख्खा नकल उघडून ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात. सामुराई-जिप्सी लाइनमध्ये जास्त बदनाम पुढचे बर्फिल्डच हाईत, मागचे शाफ्ट न्हवं.

म्हणून मी कंपनीचेच शाफ्ट वापरतो, आन डावा-उजवा एकेक जास्तीचा, बेअरिंग आन कॉलर (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) आधीच चढवून, गाडीत बांधलेला. लॉकर गरज लागली तरच.

घाटवाटा_४बाय४

कॉलर आधीच चढवून ही आयडिया भारी आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. @टेम्पर_फर्नेस आत्ता भोसरीला फोन केला. फ्लँज कसा करता विचारलं तर म्हणाला "साहेब आर्गन वेल्डिंग करतो, काही होत नाही, बऱ्याच जणांना दिलेत."

टेम्पर_फर्नेस

दिले असतील. तुम्ही घेऊ नका.

डिफ_ऑइल_९०

दोन-तीन गोष्टी राहिल्यात. बाहेरून मागवणार असाल तर आधी तुमचाच शाफ्ट मोजा. सुरुवातीच्या जिप्सीचा ट्रॅक अरुंद होता, वाइड ट्रॅक १९९३ ला आली, त्यामुळे "जिप्सीचा शाफ्ट" असं काही एक माप नसतं. फ्लँजच्या बाहेरच्या तोंडापासून स्प्लाइनच्या टोकापर्यंत लांबी, बेअरिंग सीटचा व्यास, फ्लँजच्या बोल्टांचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), स्प्लाइन मोजून २६ आहेत ना ते, हे सगळं लिहून पाठवा आणि समोरच्याकडून होकार घ्या. डावा-उजवा वेगवेगळा मोजायचा.

जुनी बेअरिंग कॉलर प्रेसवर ढकलायला जाऊ नका, ग्राइंडरने तिरकी चीर घ्यायची, शाफ्टला न लागेल इतपतच, मग छन्नीचा एक ठोका, फुटून येते. नवीन कॉलर गरम करून बसवायची पण गॅस कटरने लाल करू नका.

आणि तेल ड्रममध्ये आलं कशामुळे ते कुणीच विचारलं नाही! सील बदलाल आणि परत येईल. एक्सलचा ब्रीदर (हवा जा-ये करायचं भोक) बघा आधी. तापलेला एक्सल ओढ्यात घातला की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलाने चोंदला असेल तर सीलमधून पाणी आत ओढतं आणि परत तापला की तेल बाहेर ढकलतं. पाइप लावून ब्रीदर वर इंजिन बेकडे नाहीतर टेल लॅम्पपाशी घ्या. तेल दुधाळ निघालं का?

घाटवाटा_४बाय४

हो, कॉफीसारखं निघालं. ब्रीदर बघतो. आणि रिम बाहेर काढलेत त्याने शाफ्टला फरक पडतो का?

डिफ_ऑइल_९०

पिळाला नाही पडत, मानेला पडतो. चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर आणि फ्लँजजवळ वाकवणारा जोर जास्त. तुमचा पीळ डिफकडच्या टोकाला आहे म्हणजे ती टॉर्कची केस. तरी काढलाच आहे तर फ्लँजच्या कोपऱ्यात, जिथे दांडा गोल होऊन फ्लँजला मिळतो तिथे, पेट्रोलने पुसून डाय पेनिट्रंट मारा, तडा असेल तर लाल रेघ येते. उजव्यालाही मारा, तो नुसता डोळ्यांना बरा दिसतोय.

घाटवाटा_४बाय४

उद्या मारतो. तूर्त कंपनीची जोडी टाकतोय, बेअरिंग-कॉलर-सील सगळं नवीन, जुना उजवा पेनिट्रंटमध्ये पास झाला तर स्पेअर म्हणून गाडीत. @रंकाळा_रॉकक्रॉलर शिरोलीच्या ऑर्डरचं खरंच काही जमत असेल तर माझी एक जोडी धरा, इकडून अजून दोघं तयार आहेत, ड्रॉइंग मी काढून देतो.

रंकाळा_रॉकक्रॉलर

ड्रॉइंग पाठवा. पर स्प्लाइनचं माप शाफ्टवरनं घेऊ नका, तुमच्याला पीळ पडलाय. लॉकरचा साइड गिअर घ्या मापाला.