रिमोट डेस्कटॉप निवडताना कंपनीचा देश पाहावा का?

सदाशिवपेठी : आमच्या करसल्लागार कार्यालयात रस्टडेस्क हे दुरून दुसरा संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवावे असे मी सुचवले, तेव्हा ‘ते चिनी माणसाने लिहिले आहे’ एवढ्या एका वाक्यावर भागीदारांनी विषय मिटवला आणि जर्मन म्हणून त्याच कामाचे एनीडेस्कच चालू ठेवले. मला हा निकष पटत नाही. आपल्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे एनीडेस्कनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअर या असेच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमध्येही शिरकाव झाला. रस्टडेस्कचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कोणालाही वाचायला खुला आहे आणि दोन संगणकांची गाठ घालून देणारा सर्व्हर आपल्याच कार्यालयातल्या जुन्या संगणकावर चालवता येतो. मग परक्याच्या हाती उरते काय?

कर्वेनगरकर : चोर घुसणे वेगळे आणि सरकारी हुकमावरून मालकानेच किल्ली देणे वेगळे. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचे सातवे कलम तिथल्या संस्थांना आणि नागरिकांना गुप्तवार्तेच्या कामात सहकार्य करायला बांधून घेते, त्यामुळे रस्टडेस्कच्या कंपनीची नोंदणी सिंगापूरची आहे एवढ्याने माझे समाधान होत नाही. राहिला खुला कोड. तो आपण वाचला आहे का? आपण उतरवून घेतो ती तयार फाइल त्याच कोडमधून बनली आहे, हे कोणी ताडून पाहिले? पक्षकारांचे पॅन आणि विवरणपत्रे ज्या संगणकात आहेत, तिथे ‘कोणीतरी तपासले असेल’ हे उत्तर चालत नाही.

मंडईजवळचा : रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कबद्दल बँकांना सावध केले, ते काही ते जर्मन आहे म्हणून नव्हे. भामटे ग्राहकाला फोन करून ते मोबाइलवर घ्यायला लावत, त्यात दिसणारा नऊ आकडी कोड विचारून घेत आणि खाते रिकामे करत. मी दुकानांचे संगणक दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात एका दुकानात दुरून संगणकात शिरण्याचा कायमचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला दिसला : दुकानाचे नाव, पुढे १२३. तिथे कोणत्या देशाचा कायदा आड येणार?

सदाशिवपेठी : कर्वेनगरकर, तयार फाइल मी ताडून पाहिली नव्हती, हे कबूल करतो. परंतु कायद्याचाच निकष लावायचा, तर अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड अ‍ॅक्टही तिथल्या कंपन्यांना परदेशी साठवलेली माहिती द्यायला भाग पाडू शकतो, आणि आमची ई-मेल अमेरिकन कंपनीकडेच आहे. त्यावर भागीदारांनी कधी चकार शब्द काढलेला नाही. चिकटपट्टीचे मात्र खरे आहे. आमच्या थोरल्या भागीदारांचा पासवर्ड चहावाल्या पोऱ्यालाही पाठ आहे.