जुने ॲनिमे घरी पाहताना: मूळ जपानी आवाज, की आपला शेरखान?

पितळी_किल्ली

गेले तीन महिने जेवणं उरकली की जुन्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशनचा, एक भाग, असा रतीब लावलाय. ‘काउबॉय बीबॉप’चे (१९९८) सव्वीस भाग संपले, ‘अकिरा’ (१९८८) दोनदा झाला, आता १९७९ चा पहिला ‘गंडाम’ चालू आहे. त्यातून एक मत पक्कं झालंय. चपला फेकायच्या असतील तर जोडीने फेका, वापरता येतील.

मत असं: जुना ॲनिमे पाहायचा तर जसा काढला तसाच पाहा, नाहीतर पाहूच नका. जपानी आवाज, खाली सबटायटल, जुन्या टीव्हीची ४:३ चौकट आणि फिल्मचे दाणे दिसतायत तर दिसू द्या. कडेच्या काळ्या पट्ट्या खुपतात म्हणून लोक झूम मारतात. साधा हिशोब करा, ४:३ चं चित्र १६:९ मध्ये कोंबायला वरून-खालून मिळून पाव चित्र कापावं लागतं. ‘ड्रॅगन बॉल झी’च्या काही अधिकृत आवृत्त्यांतही हाच उद्योग झालाय, पात्रांचे ते प्रसिद्ध केस वरून छाटलेले.

आणि नव्या टीव्हीतलं ते ‘मोशन स्मूदिंग’ आधी बंद करा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, पण टीव्ही-ॲनिमेत एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात. १९६३ साली चित्रकार ओसामु तेझुकांनी ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला काढायला घेतला तेव्हापासूनची ही काटकसर आहे, आणि पुढे तिचीच शैली झाली. थांबणं, मग झटका. टीव्ही मात्र मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो, जी कोणी काढलीच नव्हती. तलवार श्रीखंडातून फिरवल्यासारखी दिसते.

रविवार_सकाळ

स्मूदिंगबद्दल सहमत. बाकी सोवळं तुम्हालाच लखलाभ.

माझ्यासारख्या लाखो पोरांना ॲनिमे हा शब्द कळायच्या आधी ॲनिमे भेटला तो दूरदर्शनवर, मोगलीच्या रूपात. निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची मालिका, ५२ भाग. आपल्याकडे गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची आणि शेरखान नाना पाटेकर. हे तिघं वजा केले तर माझ्या हातात काय राहतं? एक जपानी मालिका, जी मी कधी पाहिलीच नाही.

मध्यंतरी जपानी शीर्षकगीत शोधून ऐकलं. चांगलं आहे. पण दुसऱ्याच्या लग्नात चुकून पंगतीला बसल्यासारखं वाटलं. माझा शेरखान नानाच्याच आवाजात दम देतो, त्याला तुम्ही भेसळ म्हणा.

पितळी_किल्ली

भेसळ नाही म्हणत. पण ती तुमची आठवण आहे, मालिका नव्हे. आठवण पाहायला टीव्ही लागत नाही.

रविवार_सकाळ

लागतो हो. माझ्या घरी तर अँटिना फिरवणारा माणूसपण लागायचा.

बॅकलाइट

आवाजाच्या भांडणात पडत नाही, चित्राबद्दल लिहितो, कारण तिथे दोन्हीकडून गैरसमज दिसतोय.

जुना ॲनिमे सेलवर काढायचे. सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ ताव. पुढून रेषा, मागून रंग. तो रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून फिल्म कॅमेऱ्याने एकेक फ्रेम टिपायची. सिनेमा बहुधा ३५ मिमीवर, टीव्ही मालिका बहुतेक १६ मिमीवर. फिल्ममध्ये त्या काळच्या टीव्हीला दाखवता येत होतं त्याहून कितीतरी जास्त तपशील असतो. म्हणून निगेटिव्ह नीट जपलेली असेल तर आज पुन्हा स्कॅन करून १९८८ चा ‘अकिरा’ ४के मध्ये लखलखीत निघतो. उलट २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या मालिका, ज्या थेट कॉम्प्युटरवर रंगवल्या आणि तेव्हाच्या साध्या टीव्हीच्या मापातच पूर्ण केल्या, त्यांच्यामागे परत जायला फिल्मच नाही. त्या फक्त फुगवता येतात. म्हणजे आजोबा स्वच्छ दिसतात आणि नातू धूसर. मला ही गोष्ट भारी आवडते.

दाण्यांबद्दल धागाकर्ते बरोबर आहेत. ते पुसायला गेलं की बारीक रेषाही सोबत जातात, चेहरे मेणाचे होतात. पण एक पाहा, स्ट्रीमिंगवर नेट मंदावलं की हेच दाणे रात्रीच्या दृश्यांत चौकोनी चिखल होतात. त्यापेक्षा ज्याच्याकडे ब्लू-रे आहे त्याच्याकडे चहाला जा.

गोगलगाय

मी वेगळीच चप्पल फेकते. हे सगळं जपून ठेवण्याइतकं चांगलं होतं का?

मागच्या महिन्यात ‘ड्रॅगन बॉल झी’ पहिल्यापासून लावला. नामेक ग्रहावर खलनायक फ्रीझा म्हणतो, पाच मिनिटांत ग्रह फुटणार. मी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, जेवणं झाली, दुसऱ्या दिवशी डबे भरले, तरी ती पाच मिनिटं चालूच. दोघं एकमेकांकडे बघतायत, वारा सुटलाय, दगड हवेत तरंगतायत. कारण सगळ्यांना माहीत आहे, मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, दर आठवड्याला छापली जात होती आणि ॲनिमे तिला गाठत होता, मग पाणी घाला आमटीत. म्हणून तर २००९ मध्ये त्यांनीच पाणी काढून टाकलेली ‘काई’ आवृत्ती आणली. करणाऱ्यांनीच छाटलं, मग मी पुढे पळवलं तर कुठलं पाप?

पितळी_किल्ली

‘काई’ची बाजू मान्य, पण ते संपादन आहे. झूम मारणं म्हणजे संपादन नव्हे. आणि कात्री दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं तेही पाहा. ‘नौसिका’ हा सिनेमा १९८४ चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तो कापून, नावं बदलून ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ म्हणून आणला. जंगल आणि माणसाचं नातं गेलं, उरली मारामारी. अलीकडचं हवं? ‘इव्हांजेलियन’ २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलं ते जपानबाहेर शेवटच्या गाण्याविना, हक्कांच्या भानगडीमुळे. दर भाग संपल्यावर वाजणारं ते गाणं म्हणजे जेवणानंतरचा विडा होता. नव्या प्रेक्षकाला आपल्याला काय मिळालं नाही हेही कळत नाही.

रावणाचा_पंखा

सगळे ‘मूळ, मूळ’ म्हणतायत म्हणून एक कोडं घालतो.

‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. युगो साको यांनी जपानमध्ये काढलेला, सोबतीला आपले ॲनिमेटर राम मोहन. रंगरेषा जपानी, संगीत वनराज भाटियांचं, गाणी संस्कृत. आणि मूळ संवाद? इंग्रजी! जपानी स्टुडिओतला हा सिनेमा मुळात जपानी बोलतच नव्हता. मग धागाकर्ते साहेब, तुमच्या नियमाने मी हा कुठल्या भाषेत पाहायचा?

आमच्या घरी तो हिंदीत पाहिला गेला. राम अरुण गोविल, रावण अमरीश पुरी, निवेदन शत्रुघ्न सिन्हा. जानेवारी २०२५ मध्ये ४के करून थिएटरात आला तेव्हा चित्रं काय दिसली! लंकेचं आकाश पाहून मी खुर्चीत पुढे सरकलो. पण हिंदी आवाज नवे. रावणाने तोंड उघडलं आणि शेजारची बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, “हा तो नाही.” चित्र घासूनपुसून मिळालं, आवाज हरवला. बॅकलाइट, याला कुठली निगेटिव्ह?

बॅकलाइट

यावर माझ्याकडे उत्तर नाही. _/\_

दुधावरची_साय

शुद्धतावाद्यांना एक माहिती. जपानी मालिकांतही बहुधा आवाज नंतरच भरतात, चित्रं हलायला लागली की कलाकार पडद्याकडे बघून बोलतात. तोंडं तीनच, उघडं, अर्धं, मिटलेलं. त्यात जपानी बसते तशी हिंदीही बसते. ‘अकिरा’त संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्याबरहुकूम ओठ काढले, आणि तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं, कारण तो नियम नव्हता. तेव्हा जपानीत पाहण्याचा हट्ट ‘अकिरा’ला शोभतो, सगळ्यांना नाही.

दुसरं, सबटायटल. आईला ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ दाखवला. तिला इंग्रजी वाचता येतं, पण तेवढ्या वेगात नाही. अर्ध्या तासाने तिने चष्मा काढून ठेवला. म्हटलं बंद करू? तर म्हणाली, “राहू दे, भाऊ-बहीण आहेत आणि घरात खायला नाही, एवढं कळतंय मला.” शेवटपर्यंत पाहिला. त्या रात्री भाताचं पातेलं तिने स्वतः निपटून घेतलं, एक शीत ठेवलं नाही. यातून तुम्हाला जी बाजू हवी ती उचला.

गोगलगाय

साय ताई, आता तो सिनेमा मी कधीच लावणार नाही. मी आपली फ्रीझाच्या पाच मिनिटांत सुखी.

पितळी_किल्ली

चार दिवस गायब होतो, कारण सहा वर्षांची भाची आली होती. तिच्या हट्टाखातर ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) लावला. जपानी आवाजात, तत्त्व म्हणजे तत्त्व. दुसऱ्या मिनिटाला प्रश्न, “मामा, काय म्हणाली ती?”

तर धाग्यावरच्या सज्जनांनो, पुढचा तासभर सबटायटल वाचून मराठीत डबिंग मी केलं. दोन्ही मुली, बाबा, शेजारची आजी, सगळे आवाज माझेच. धाकटी मेई त्या प्राण्याला टोटोरो का म्हणते ते सांगताना घाम फुटला. गोष्टीच्या पुस्तकातला ‘ट्रोल’ जपानीत ‘तोरोरु’ होतो आणि त्या चिमुरडीच्या तोंडी त्याचा टोटोरो. मराठीत काय करणार? “राक्षस म्हणता येत नाही तिला,” असं काहीतरी दडपून दिलं.

मग तो बस स्टॉपचा प्रसंग. पाऊस, अंधार, धाकटी पाठीवर झोपलेली, आणि शेजारी तो येऊन उभा राहतो. छत्रीवर झाडाचे थेंब. बराच वेळ वाचायला काहीच नाही. सवयीने मी तोंड उघडलं तर भाचीने न बघताच माझ्या तोंडावर हात ठेवला.

रविवार_सकाळ

मामा, आजीचा आवाज कसा काढला ते रेकॉर्ड करून टाका इथे. आणि झूम मारला होता की नाही ते खरं सांगा.

पितळी_किल्ली

‘टोटोरो’ मुळातच रुंद आहे हो. तेवढ्यापुरता वाचलो.