लॉर्ड कर्झन पंतप्रधान का नाही झाला?

तापीकाठचा (भुसावळ)
राज्यसेवेचा अभ्यास चालूय. कर्झन म्हटलं की आपल्याकडे 1905 ची बंगालची फाळणी, विद्यापीठ कायदा आणि विषय संपला. पण हा चाळिशीच्या आत व्हाइसरॉय, 1919 पासून परराष्ट्रमंत्री, घरचा उमराव, मग पंतप्रधानपद का नाही मिळालं? कोणी नीट सांगा ना भाऊ

अमळनेरकर
हातातोंडाशी आलेलं गेलं भो. मे 1923 मध्ये तेव्हाचा पंतप्रधान बोनर लॉने घशाच्या कॅन्सरमुळे राजीनामा दिला, कर्झन तेव्हा सॉमरसेटमध्ये माँटॅक्यूटच्या वाड्यावर, तिथं फोनच नाही, राजाच्या सेक्रेटरीची तार आली की लंडनला या. याला वाटलं झालं काम, ट्रेनमध्ये बायकोसोबत पुढचे बेत करत गेला आणि घरी येऊन सेक्रेटरी सांगतो, राजाने अर्थमंत्री बाल्डविनला निवडलं! रडला म्हणतात. कारण हे की हा लॉर्ड्समध्ये (उमरावांचं वरचं सभागृह) आणि विरोधी पक्ष लेबर (मजूर पक्ष), त्यांचा सगळा जोर कॉमन्समध्ये (निवडून आलेल्यांचं खालचं सभागृह). गंमत बघा, 1898 ला त्याने मुद्दाम आयर्लंडची सरदारकी घेतलेली, कारण ती असून कॉमन्सची निवडणूक लढवता यायची. आणि 1908 ला स्वतःच लॉर्ड्समध्ये जाऊन बसला!

केळीवाला रावेर
ते कागदावरचं कारण. स्वभाव बघा ना. लष्कराच्या कारभारावरून इथला सरसेनापती किचनेरशी भांडला, 1905 ला राजीनामा टाकला तर लंडनने सरळ मंजूर केला. तरुणपणापासून पाठीच्या दुखण्यामुळे पोलादी पट्टा बांधायचा, पण ताठ नुसती पाठ नव्हती. गोखल्यांसारखा मवाळ माणूस बनारसच्या काँग्रेसमध्ये त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी करतो म्हणजे विचार करा.

चाळीसगाव एक्सप्रेस
शिव्या खुशाल घाला, पण 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच्याच काळातला, आज गावागावात विकासोच्या (विविध कार्यकारी सोसायटीच्या) चेअरमनकीसाठी जी डोकी फुटतात त्याचं मूळ तिथं 😄 पुराणवास्तूंचा कायदा पण त्याच वर्षीचा. पितळखोऱ्याच्या लेण्यांना गेलात तर पुरातत्त्ववाल्यांचा बोर्ड बघा.

केळीवाला रावेर
पुराणवास्तूंचं मान्य. त्यात त्याचा खरंच जीव होता, तिकडे इंग्लंडमध्ये पण टॅटरशॉलचा पडका किल्ला 1911 मध्ये स्वतः विकत घेऊन दुरुस्त केला. पण विकासोचं श्रेय त्याला नका देऊ दादा, 1875 ला पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली तेव्हापासून सरकारला घाम फुटलेला, याच्या टेबलावर फाईल आली इतकंच.