काटा अर्ध्यावर, इंजिन बंद!

प्रश्न: माझ्या मोटरबोटीची टाकी ९० लिटरची. काल काटा जवळजवळ अर्ध्यावर, तरी परतताना इंजिन आचके देत बंद पडलं. वल्ही मारत आलो! काटा खोटारडा की मी?

उत्तर: टाकीचा तळ निमुळता आहे का? मग निम्म्या उंचीला निम्मं इंधन नसतंच. वेगात नाक उचललं की पेट्रोलही मागे सरकतं. बोट थांबवूनच काटा वाचा.

दुसरं उत्तर: सेंडरचा, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचा, विद्युत रोध मोजा. अमेरिकी पद्धतीत रिकामी २४० ओहम, भरलेली ३३. युरोपीय उलट, १० ते १८०. आधी पेट्रोलची वाफ घालवा, बाबा!

प्रश्नकर्ता: सेंडर ठीक. तळच निमुळता निघाला. आता दहा-दहा लिटर ओतून काचेवर खुणा करतोय. तोवर एक तृतीयांश राखीव.