लोट्यातला बंद केमिकल प्लॉट घेऊन काजू युनिट टाकायचंय, आधी काय तपासावं?

प्रश्न (काजूबी): रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत एक प्लॉट बघितलाय. आधी तिथे डाय इंटरमीजिएट (रंग बनवायला लागणारं रसायन) बनायचं, बरीच वर्षं बंद आहे. शेड ठीक आहे, पण ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाक्यांत पावसाचं पाणी आणि खाली काळा गाळ आहे. मालक म्हणतो, धुऊन काढा नि सुरू करा. एवढ्यावर भागेल का?

जांभा: नाही भागणार. टाकीचा गाळ घातक कचऱ्यात धरतात. तो एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पिशव्यांत भरून, लेबल लावून, फॉर्म १० मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्रासह) तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा लागतो. साठवायची मुदत ९० दिवस. खर्च कोणाचा, हे सौद्यातच लिहून घ्या. काम मे संपायच्या आत उरका, एकदा पाऊस लागला की टाकी भरून गाळ बाहेर वाहणारच.

माती फक्त शेडमधली घेऊन उपयोग नाही. ड्रम ठेवायची जागा, सॉल्व्हंट (द्रावक रसायन) टाकीचा तळ आणि ईटीपीचा उतार, तिन्हीकडे अर्धा आणि दीड मीटर खोलीवरून नमुने घ्या. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र. पाणी फटींतून खाली उतरतं आणि चिकणमातीच्या थरावरून आडवं सरकतं, त्यामुळे शेजाऱ्याची घाणही तुमच्या बोअरला येऊ शकते. बोअरचं पाणी मेअखेर एकदा, पावसानंतर एकदा तपासा. सॉल्व्हंट तपासायच्या पाण्याची बाटली काठोकाठ भरा. आत बुडबुडा राहिला तर वाफ त्यात जाते आणि आकडा कमी येतो. लॅबपर्यंत बर्फातच न्या.

घाटमाथा: कागदपत्रांचं: जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची. हस्तांतरणाला आणि वापर बदलायला एमआयडीसीची परवानगी लागते. जुनी पाणीपट्टी आणि सीईटीपीची (सामायिक सांडपाणी प्रकल्पाची) थकबाकी आधी काढून बघा. प्रदूषण मंडळाची जुनी संमती (परवाना) तुम्हाला चालणार नाही, मंडळाकडून उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन्ही नव्याने घ्या. आणि सांडपाण्याच्या चेंबरमध्ये रंग टाकून बघा. तो पावसाच्या गटारात निघाला, तर चोरजोड आहे.

काजूबी: टाक्या पाडून टाकल्या तर?

जांभा: गाळ काढल्याशिवाय नको. राडारोड्यात मिसळला की सगळा ढीग घातक ठरतो.

सुकीखाडी: माझं मत वेगळं. प्लॉट स्वच्छ झाला तरी शेजारच्या युनिटची हवा तीच. काजूगरात तेल भरपूर, वास पटकन धरतो. निर्यातदार पहिल्याच तपासणीत लॉट परत पाठवेल. तिथे फॅब्रिकेशन किंवा खोके-पॅकिंग टाका. काजूसाठी चिपळूणजवळची गाणे-खडपोली एमआयडीसी बघा. चिपळूणचीच खेर्डी एमआयडीसी बघायची तर २०२१ च्या पुराची पातळी विचारून जोतं ठरवा.