द्राक्षाच्या पानाला फवारा खालूनच का मारायचा?

निफाड_नवखा:
नमस्कार मंडळी, गोडी छाटणी (घड धरण्यासाठीची) होऊन पानं पसरायला लागलीत. आमचे काका रोज एकच सांगतात, औषध पानाच्या खालच्या अंगाला लागलं पाहिजे, वरून नुसतं भिजवून काही होत नाही. पण पाऊस वरून पडतो, दव वरून पडतं, मग डाऊनी (केवडा रोग) खालून कशी काय शिरते? आणि अजून एक, सकाळी पानाच्या कडेच्या दात्यांवर ओळीनं थेंब असतात आणि मधलं पान कोरडं, ते दवच ना? कोणी अ‍ॅग्रीवाले असाल तर सोपं करून सांगा.

बॉटनीवाला_नाशिकरोड:
काका बरोबर बोलतायत. पान वर वेगळं आणि खाली वेगळं असतं. वरच्या कातडीवर मेणचट थर, त्याखाली उभ्या पेशी दाटीनं बसलेल्या आणि त्यात हरितद्रव्य ठासून भरलेलं, म्हणून वरची बाजू गडद हिरवी दिसते. त्याच्या खाली पेशी सैल, मधे मधे पोकळ्या, हवा फिरायला. आणि अगदी खालच्या कातडीत पर्णरंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. द्राक्षात ही रंध्रं जवळपास सगळी खालीच, वर उन्हात असती तर पाणी भसाभसा उडालं असतं. (मक्याला दोन्ही बाजूंना असतात, आणि तळ्यातल्या कुमुदिनीचं पान पाण्यावर तरंगतं म्हणून तिला वरच.)
आता डाऊनी. तिचे बीजाणू पान ओलं असलं की त्या पाण्याच्या थरात चक्क पोहतात आणि रंध्र गाठून आत घुसतात. वर तुम्हाला नुसता पिवळा तेलकट डाग दिसतो, पांढरी बुरशी खाली, कारण बाहेर पडतानाही ती रंध्रातूनच पडते.

दिंडोरी_बागायत:
भाऊ यात एक जोडतो, भुरीला (पानावर पांढरी पावडर धरणारा दुसरा बुरशीरोग) हे लागू नाही. भुरी रंध्राची वाट बघत नाही, सरळ कातडीला भोक पाडते, पान ओलं नसलं तरी चालतं, वर खाली दोन्हीकडं येते. म्हणून "खालीच मारा" हे डाऊनीपुरतं धरा. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) तर नुसतं जिथं पडेल तिथंच राखण करतं, आत जात नाही, त्यामुळं खालची बाजू सुटली की संपलं. हे बोर्डो निघालं पण गमतीत, फ्रान्समधे रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मोरचूद-चुना मारायचे, तेवढ्याच वेलींची पानं टिकली हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, 1885 ला त्यानं ते छापलं. आणि ब्लोअर (फवारणीचं यंत्र) कितीही भारी घ्या, फेलफुटी (बगलेतले जादा फुटवे) काढल्या नसतील तर आतल्या पानांच्या खाली औषध जातच नाही हो.

बॉटनीवाला_नाशिकरोड:
थेंबांचं राहिलंच. ते दव नाही, दव पानभर बसतं. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात, पण जमीन ओली असली की मुळं पाणी वर ढकलत राहतात, ते कडेच्या दात्यांवरच्या जलरंध्रांतून बाहेर येतं, ही मिटत नाहीत. थेंब वाळला की कधी कधी पांढरट क्षार राहतो, त्याला बुरशी समजून लगेच औषध काढू नका.

निफाड_नवखा:
भारी समजलं, काकांना दाखवतो. मग हवा खेळावी म्हणून घडाजवळची जुनी पानं सगळीच काढून टाकू का?

दिंडोरी_बागायत:
सगळी नको. कोवळं पान आधी वेलीकडूनच साखर खातं, पूर्ण आकाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाढलं की मग कुठं बाहेर पाठवायला लागतं. म्हणजे आत्ता घडाला पोसतायत ती तुमची मोठी पानंच. पिवळी पडलेली, सावलीत दबलेली काढा, पूर्वेकडची थोडी विरळ केली तरी चालेल. पश्चिमेकडची राहू द्या, फेब्रुवारी-मार्चच्या दुपारच्या उन्हात मणी भाजतात.