फळ घालून आंबवलेली कॉफी: पाकिटावर फळाचं नाव हवंच

आंबेवाला_देवगड:
सध्या घरी को-फर्मेंट कॉफ्या चाखतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तोडलेली कॉफी टाकीत आंबवताना तिच्यासोबत दुसऱ्या फळाचा गर, बऱ्याचदा वेगळं यीस्टही घालतात आणि मग बिया वाळवतात. कोलंबियाची पीचवाली फोडली की घरभर वास. चवीबद्दल तक्रार नाही, आक्षेप लेबलावर आहे. ‘टेस्टिंग नोट्स (म्हणजे पिताना जाणवणाऱ्या चवी): पीच’ एवढंच छापलंय, टाकीत पीच घातलं होतं हे कुठेच नाही. २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी देवगडच्या नावाच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो आणि आपण संतापतो. मग इथे गप्प का बसायचं?

पावसची_लेक:
लेबल हवंच. पण मला ही कॉफीच पटत नाही. गरम असताना कप छान लागतो, कोमट झाला की जिभेवर नुसती गोड गोळी चघळल्याची चव उरते. बागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, कॉफीची जात, तिचा स्वतःचा आंबटपणा, काही हाती लागत नाही. वर ग्राइंडरला वास धरतो. नंतर दळलेली साधी चिकमगळूरही पीचच लागते. ‘कप ऑफ एक्सलन्स’ या कॉफीच्या दर्जाच्या स्पर्धेत बाहेरचं काही घातलेली कॉफी घेत नाहीत, ते उगाच नाही.

मालवण_किनारा:
साफ असहमत. आंबवणं हाच माणसाचा हस्तक्षेप आहे. २०१५ ला साशा सेस्टिक जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांची) स्पर्धा जिंकला तो कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत आंबवलेल्या कॉफीवर. आणि शेतकऱ्याचं काय? कोलंबियात कास्तियो ही जात तांबेरा रोगाला टिकावी म्हणून काढली. चवीच्या बाजारात तिला गेशासारख्या महागड्या जातीचा भाव कोण देणार? फळ घालून त्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळत असतील तर मी आनंदाने घेईन. कोमट झाल्यावर बिघडते म्हणता, तर पाणी ८८-९० अंशांवर आणा, दळण जरा जाड ठेवा. या बियांचा अर्क पाण्यात लवकर उतरतो. उकळत्या पाण्याने दारूसारखा उग्रपणा येतो.

आंबेवाला_देवगड:
सेस्टिकच्या टाकीत वायू होता, पीच नव्हतं. फरक तिथेच आहे. पाण्याचं मात्र बरोबर, मीही ९० वरच करतो.

पावसची_लेक:
भावाचा मुद्दा एका हंगामापुरता. पुढच्या वर्षी शेजारचाही तेच पीच घालणार. मग गिऱ्हाईक पीच मागणार, त्या शेतकऱ्याला नाही. त्याच्या बागेची ओळख आपणच पुसतोय.

मालवण_किनारा:
ओळख भाव मिळाल्यावर टिकते, ताई. बाग विकली तर कसली ओळख?

वेंगुर्ला_कोकम:
कोकम घालून कोणी केली तर मी पहिला गिऱ्हाईक. पण फळ टाकीत घातलं की भाजल्यावर एसेन्स फवारलं, हे कळलंच पाहिजे. दोन्ही पाकिटं एकाच भावाने विकली जातात, माझा राग त्यावर आहे. आणि इकडे पावसाळ्यात पाकीट उघडं ठेवू नका, दमट हवेत वास आठवडाभरात उतरतो.

आंबेवाला_देवगड:
म्हणूनच आता मागवण्याआधी रोस्टरला (कॉफी भाजून विकणाऱ्याला) विचारतो: फळ कुठलं, कधी घातलं, एसेन्स आहे का. एकाने ‘ते आमचं गुपित आहे’ म्हणून कळवलं. त्याची ऑर्डर रद्द केली.

मालवण_किनारा:
इथे मी तुमच्यासोबत. फळाचं प्रमाण आणि यीस्ट त्यांनी खुशाल लपवावं, फळाचं नाव नाही.